आठवा दाणा

पुंडलिक म्हात्रे यंत्रांशी बोलायचा. कारखान्यात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी त्याला हसत नसे, कारण बोलणं झाल्यावर यंत्रं बहुतेक वेळा चालू व्हायची. रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारा तो कारखाना. टाकीचं तापमान किती, नळातला दाब किती, हे सांगणारी शेदोनशे लहानमोठी यंत्रं तिथं होती, आणि त्यातलं एखादं खोटं बोलायला लागलं की ते पुंडलिकच्या खोलीत यायचं.

त्या सगळ्यांची नाडी बघायचं यंत्र म्हणजे स्कोप. खरं नाव ऑसिलोस्कोप, पण एवढं लांब नाव घ्यायला कारखान्यात वेळ कुणाला होता? एक पत्र्याची पेटी, तोंडावर तळहाताएवढा पडदा आणि पडद्यावर एक हिरवी रेघ. दुखणाईत यंत्राला त्याची वायर लावली की आतली वीज कशी धडधडते ते त्या रेघेत दिसायचं. तीन वर्षं अर्ज करून, साहेबांच्या मागे लागून पुंडलिकनं तो स्कोप मिळवला होता. तो आल्यापासून पुंडलिक कारखान्यातला वैद्य झाला. त्याआधी तो नुसता वायरमन होता, आणि हे तो कधी विसरला नाही.

उपकार न विसरण्याचं हे वळण त्याला आईकडून आलेलं. बायजाबाईचा जन्म धरमतरच्या खाडीकडेच्या मिठागरात गेला. हंगामाच्या सुरुवातीला मीठ ओढायच्या लाकडी फावड्यांची पूजा व्हायची, तेव्हा बाकीच्या बाया दोन दाणे टाकून मोकळ्या होत आणि ही मूठभर अक्षता वाहायची. तांदूळ महाग असायचे, तरी हात आखडता घ्यायची नाही. "ज्यानं पोट भरलं त्याला चिमूट वाहू नये, पोरा, मूठ वाहावी," असं ती म्हणायची. पुंडलिकनं शाळेतलं बरंच सोडून दिलं, पण हे धरून ठेवलं.

तर त्या वर्षी खंडेनवमीला कारखान्यात नेहमीसारखी हत्यारांची पूजा झाली. इन्स्ट्रुमेंटच्या खोलीत जनूनं टेबलावर धुतलेलं फडकं अंथरलं, पक्कड, पाने, मीटर ओळीनं मांडले आणि मधोमध स्कोप उचलून आणून ठेवला. जनू म्हणजे खोलीतला हेल्पर. रोह्याशेजारच्या अष्टमी गावचा, वयानं पुंडलिकपेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी. पुंडलिकनं तांब्याच्या ताटलीत कुंकवात भिजवलेल्या अक्षता घेतल्या, मीटरांना, पान्यांना दोन दोन दाणे वाहिले, आणि स्कोपला मूठभर वाहिल्या. वरून झेंडूचं फूल ठेवलं, पाण्याचे चार थेंब शिंपडले, डोळे मिटले आणि हात जोडून बराच वेळ उभा राहिला. ह्यात वावगं काय झालं हे त्याला त्या वेळी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिथं उभे असता तर तुम्हालाही कळलं नसतं.

मध्ये दसऱ्याची सुट्टी गेली. गुरुवारी सकाळी पुंडलिकनं बटण दाबलं. रेघ उमटली, पाचदहा मिनिटं शहाण्यासारखी सरळ राहिली, मग आखडायला लागली, थरथरली आणि नाहीशी झाली. यंत्र बंद करून अर्ध्या तासानं लावलं तर पुन्हा तेच. त्याच दिवशी रंगाच्या मोठ्या टाकीचा कंट्रोलर बिघडलेला, आणि त्याची नाडी बघणारा वैद्यच आजारी. दुपारपर्यंत मॅनेजरसाहेब स्वतः खोलीत आले.

साहेब वाईट माणूस नव्हता, पण त्याला प्रत्येक गोष्टीचा कुणीतरी धनी लागायचा. यंत्राला शेवटचा हात कुणी लावला, हे त्यानं विचारलं. टेबलावर जनूनं नेऊन ठेवलं आणि परत कपाटात जनूनंच ठेवलं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. साहेबांनी विचारलं, आपटला का? जनू म्हणाला, नाय. मग विचारलं, मशीनमध्ये हात घातला होतास का? ह्यावर जनू गप्प झाला. हो म्हणेना, नाही म्हणेना, नुसता फरशीकडे बघत राहिला. साहेबांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही. न बोलणाऱ्या माणसाबद्दल लोक जे समजतात तेच त्यांनी समजून घेतलं.

आणि वेळही कशी वाईट. जनू सहा वर्षं टेंपररी होता. दिवाळीला अकरा जणांना कायम करायचं ठरलं होतं, यादी टाईप होऊन साहेबांच्या टेबलावर पडली होती, आणि त्यात सातवं नाव जनूचं होतं. साहेबांनी त्या नावासमोर पेन्सिलीनं फुली मारली. मंगळवारी मुंबईहून स्कोपच्या कंपनीचा इंजिनियर येईल, त्यानं आपटल्याचा किंवा छेडछाड केल्याचा रिपोर्ट दिला की फुली शाईची होईल, असं त्यांनी पुंडलिकला सांगून टाकलं. जनूच्या घरी दोन मुली शिकत होत्या आणि बायको रंभा कायमची ऑर्डर आली की कुलदैवताला जायचं म्हणून बसली होती.

पुंडलिकला दोन रात्री धड झोप लागली नाही. तो कारखान्यात नवीन आला तेव्हा कुठली वायर कुठून निघून कुठं जाते ह्याचा एकही नकाशा जागेवर नव्हता. ते सगळं जनूच्या डोक्यात होतं. जनूनं त्याला एकेका पाईपखालून वाकवून नेऊन ते दाखवलं, आणि नंतर लोक पुंडलिकला हुशार म्हणायला लागले तेव्हा कधी चकार शब्द काढला नाही. अशा माणसानं यंत्र आपटलं आणि वर लपवलं, हे पुंडलिकच्या गळ्याखाली उतरेना. पण मग तो गप्प का? हे मात्र त्याला विचारायचा धीर झाला नाही, कारण उत्तर नको ते आलं असतं तर?

त्यानं साहेबांकडून रविवार मागून घेतला. मुंबईचा इंजिनियर यायच्या आत मला एकदा बघू द्या, माझे मास्तर पेणला आहेत, त्यांच्या नजरेखालून घालतो, असं म्हणाला. साहेबांनी कुरकुरत गेटपास दिला. शनिवारी संध्याकाळी जनूनं घरची गोधडी आणून स्कोप तिच्यात बांधला, सायकलच्या कॅरियरवर ठेवून हातानं धरत रोहा स्टेशनला पोचवला आणि डब्यात पुंडलिकच्या मांडीवर ठेवला. "संभालून न्या, भाऊ," एवढंच म्हणाला.

रेल्वे रोह्यापर्यंत येऊन तेव्हा चारच वर्षं झाली होती. एसटीच्या धक्क्यांपेक्षा गाडी बरी, म्हणून पुंडलिक पॅसेंजरनं निघाला. समोर बसलेल्या बाईनं गोधडीकडे बघून टीव्ही घेतला का म्हणून विचारलं, आणि तो नाही म्हणाला तर मग लपवता कशाला, असंही विचारलं. नागोठणं गेलं, कासू गेलं, तरी त्यानं गोधडीवरचा हात काढला नाही. पेणला उतरेपर्यंत त्याच्या दोन्ही मांड्यांना मुंग्या आल्या होत्या.

हैबतराव मास्तर मूळचे डोंगराकडच्या भातशेतीवाल्या गावातले. तरुणपणी पलटणीत वायरलेस दुरुस्त करायला शिकले आणि पेन्शन घेऊन पेणला बाजारात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकून बसले. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांत संसार. पुंडलिक त्यांच्या हाताखाली सात वर्षं होता. मास्तरांची आता सत्तरी उलटली होती आणि हात असे थरथरायचे की चहाची बशीही कृष्णाबाई काकू अर्धीच भरून देत. रविवारी सकाळी अंघोळ करून ते दुकानात स्टुलावर येऊन बसले आणि म्हणाले, "हात तुझं, डोकं माझं. चल."

मास्तरांची पद्धत सगळ्या पेणमध्ये चेष्टेचा विषय होती. गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आलं की ते रेडिओकडे बघतच नसत. आधी हकीकत विचारत. काय बिघडलं ते नको, बिघडायच्या आदल्या दिवशी काय झालं ते सांगा, असं म्हणत. पुंडलिकलाही त्यांनी तेच विचारलं. पुंडलिक म्हणाला, आदल्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, अर्धा दिवसच काम, काहीच झालं नाही. मास्तरांनी मान हलवली. पूजा ही काही झालेली गोष्ट आहे असं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. माणूस जेवल्याचं सांगतो, श्वास घेतल्याचं सांगतो का?

पत्रा उघडला. घरातली वीज थेट न देता मास्तरांनी आधी मध्ये एक शंभरचा बल्ब टाकायला लावला. आत कुठं वायरीला वायर चिकटली असेल तर बल्ब भकाभका पेटतो आणि यंत्र वाचतं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. म्हणजे मोठा घोटाळा नव्हता. मग बल्ब काढून थेट वीज दिली आणि पुंडलिक मीटरच्या सुया लावत एकेक आकडा मोठ्यानं वाचायला लागला.

स्कोपच्या पोटात एकाच विजेचे चार वाटे होतात. कुणाला पाच व्होल्ट, कुणाला बारा, आणि पडद्यावरच्या रेघेला ओढून धरायला एकशे चाळीस. हे वाटे करणारा जो भाग, तो पॉवर सप्लाय. घरात वाढणारी बाई असते तसा. तिचा हात चुकला की पंगत उपाशी. पाच बरोबर होते, बारा बरोबर होते. एकशे चाळीस पहिली दहा मिनिटं बरोबर होते आणि मग सुई उतरायला लागली. एकशे तीस, एकशे वीस, शंभर. इकडे रेघ आखडली, थरथरली, गेली.

"थंड असताना शहाणा, तापला की येडा," मास्तर म्हणाले. "एकशे चाळीसच्या घरात बघ. बाकी घरं सोड."

पुंडलिकनं त्या घरातला मुख्य ट्रान्झिस्टर बदलला. मास्तरांच्या खणांत जगातलं सगळं सापडायचं. लावला, वाट बघितली, सुई पुन्हा उतरली. मग मोठा कंडेन्सर बदलला. सुई उतरली. रेझिस्टर एकेक करून मोजले, सगळे सांगितल्याबरहुकूम. दहा वाजले, अकरा वाजले. प्रत्येक वेळी यंत्र थंड होईपर्यंत थांबायचं, पुन्हा तापवायचं, पुन्हा तोंडघशी पडायचं. पुंडलिकचा घाम मानेवरून पाठीत उतरला. काही भाग मोडलेला नाही आणि तरी यंत्र चालत नाही, म्हणजे मुंबईचा इंजिनियर सरळ लिहिणार की आपटल्यानं कुठंतरी तडा गेलाय. जनूच्या नावावरची फुली त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. मास्तर, मला काही सुचत नाही, असं त्यानं कबूल केलं. मास्तरांनी त्याला चालू यंत्रासमोर हात मागे बांधून नुसतं बसायला सांगितलं.

असे दोघे मुक्यानं बसले असताना कृष्णाबाई काकू चहा घेऊन दारात आल्या आणि तिथंच थबकल्या. नाक वर करून त्यांनी एकदा मागे स्वयंपाकघराकडे बघितलं, एकदा दुकानाकडे.

"माजा भात अजून चढला नाय," त्या म्हणाल्या. "मग हा करपला कुठं?"

मास्तर म्हणाले, "काय गो, शेजाऱ्यांचा असंल."

"शेजाऱ्यांचा नाय. हितंच हाय." काकूंनी चहा खाली ठेवला आणि पदर सावरत स्कोपवर वाकल्या. जन्मभर भात पिकवला, कांडला आणि शिजवला त्या बाईनं. तिच्या नाकाला कोण आव्हान देणार? बोट न लावता त्यांनी जागा दाखवली. "हितून येतोय वास."

पुंडलिकनं वीज काढली. तिथं एक जाड रेझिस्टर होता, करंगळीएवढा. असले रेझिस्टर तापतात, म्हणून यंत्र बनवतानाच त्यांना बोर्डापासून थोडं उचलून बसवतात. खाली जेमतेम एक फट राहते. पुंडलिकनं टॉर्च धरली, मास्तरांचा दातांच्या डॉक्टरकडून आणलेला छोटा आरसा फटीत सरकवला आणि बघितलं. दोन पायांच्या मध्ये, दोघांना चिकटून, काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं हळूच ओढून त्यानं ते कागदावर ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. एका बाजूनं कोळसा झालेला, दुसऱ्या बाजूनं लाल.

मास्तरांनी भिंग लावलं. काकूंना भिंग लागलं नाही. "अक्षतेचा हाय," त्या म्हणाल्या. "कुंकू लागलंय. तांदूळ अख्खा हाय बघा, निवडून घेतलेला." त्यांच्या आवाजात कौतुक होतं.

पुंडलिकनं चिमटा खाली ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं गुरुवारपासून तो गुन्हेगार शोधत फिरत होता आणि गुन्हेगार त्याच्याच शर्टाच्या आत होता. पेटीच्या वर हवेसाठी फटी असतात. त्यानं वाहिलेल्या मुठीतला दाणा त्या फटीतून खाली गेला, रेझिस्टरखाली जाऊन बसला. ओल्या कुंकवातून वीज झिरपायला लागली, तापल्यावर जास्त झिरपायची, रोज थोडा करपायचा, आणि करपला तसा आणखी झिरपायचा. म्हणून एकशे चाळीसचे शंभर. त्यानं मास्तरांना सगळं सांगितलं, आईच्या मुठीसकट.

मास्तर आधी हसले. इतके हसले की काकूंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला. मग डोळे पुसून म्हणाले, "बायजाबाईचं काय चुकलं नाय. फावड्याला पोट नसतं. ह्याला हाय, आनि ते उघडं हाय."

पुंडलिकनं ब्लेडनं काळा डाग खरवडला, स्पिरिट आणि ब्रशनं जागा धुतली, आपण उगाच बदललेले भाग पुन्हा मूळचे लावले आणि बटण दाबलं. तिघं जेवले. चालू यंत्रासमोर जेवले, कारण पुंडलिक उठायलाच तयार नव्हता. दोन वाजले, तीन वाजले. सुई एकशे चाळीसवर आणि रेघ एका जागी. त्याला इतकं बरं वाटलं की त्यानं काकूंना वाकून नमस्कार केला, आणि मग मास्तर रुसू नयेत म्हणून त्यांनाही केला.

निघायच्या वेळी मास्तरांनी त्याला खणातला एक मेलेला कंडेन्सर काढून दिला. कारखान्यात जुना पार्ट स्टोअरला जमा करावा लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. दिवाळीला पुंडलिकला सुपरवायझर करायचं चाललंय, हेही त्यांना ठाऊक होतं, कारण पुंडलिकनंच चार वेळा सांगितलं होतं. कंडेन्सर गेला होता म्हणावं, हा जमा करावा, कुणाचं नाव यायचं नाही, असं ते म्हणाले. नोकरीत असं करावं लागतं, पोरा. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, माया होती, आणि म्हणूनच पुंडलिकला नाही म्हणता आलं नाही. दाण्याची पुडी त्यानं वरच्या खिशात ठेवली आणि कंडेन्सर खालच्या.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं तो परत निघाला. कासूला समोरून मालगाडी यायची होती, म्हणून पॅसेंजर बराच वेळ उभी राहिली. तेवढ्या वेळात त्यानं साहेबांसमोर बोलायचं सगळं मनात बोलून बघितलं. कंडेन्सर गेला होता, साहेब. आणि मनातल्या साहेबांनी लगेच उत्तर दिलं, आपटल्यावर कंडेन्सर जाणारच. किती वेळा बोललं तरी साहेबांचं उत्तर तेच यायचं. ह्या कंडेन्सरनं पुंडलिक सुटत होता, जनू सुटत नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. मालगाडी गेली, त्याची गाडी हलली, आणि त्याचं ठरून गेलं. भीती मात्र होती तेवढीच राहिली.

साहेबांच्या केबिनमध्ये त्यानं स्कोप टेबलावर ठेवला, चालू केला आणि वीस मिनिटं तशीच रेघ दाखवली. साहेब खूश झाले. काय झालं होतं, म्हणून विचारलं. पुंडलिकनं वरच्या खिशातली पुडी काढून उघडली.

"हे काय?"

"अक्षत आहे, साहेब. मी वाहिली होती. फटीतून आत गेली. जनूनं काही केलेलं नाही."

साहेबांनी पुडी जवळ ओढून दाणा बघितला. मग म्हणाले, "एखादा पार्ट गेला म्हणून सांगितलं असतंत तर मी मानलं असतं."

"मानलं असतंत," पुंडलिक म्हणाला. "पण आपटल्यामुळे गेला असं म्हणाला असतात."

साहेबांना हसू आलं की राग, हे त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसावं. त्यांनी कागद पुढे केला आणि झालं ते स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायला सांगितलं. पुंडलिकनं लिहिलं, सही केली. साहेबांनी मेमो द्यावा लागेल म्हणून सांगितलं, आणि सुपरवायझरचं ह्या वर्षी राहिलं, हेही सांगितलं. पुढच्या वर्षी पूजा करायला हरकत नाही, पण स्कोपवर आधी टॉवेल टाका, असं अगदी गंभीरपणे बजावलं. मग खणातून यादी काढली आणि खोडरबरानं सातव्या नावासमोरची फुली पुसली. पुंडलिक समोर उभा राहून ती पुरती पुसली जाईपर्यंत बघत राहिला. सुपरवायझरचं दुःख त्याला झालंच नाही असं नाही. झालं, पण ते दुपारी झालं. त्या क्षणी त्याला नुसतं हलकं वाटत होतं.

खोलीत जनू फरशी पुसत होता. पुंडलिकनं स्कोप टेबलावर ठेवला, दार लावून घेतलं आणि त्याला सगळं सांगितलं, काकूंच्या नाकापासून खोडरबरापर्यंत. आपण ह्या माणसाला वाचवून आणलं, असा थोडा अभिमान त्याच्या आवाजात होता, आणि तो असायला हरकतही नव्हती. जनू ऐकत राहिला. ऐकता ऐकता तो खाली स्टुलावर बसला. मग पहिली गोष्ट त्यानं विचारली ती ही:

"म्हंजे आठवा व्हता?"

पुंडलिकला कळलं नाही. तेव्हा जनूनं सांगितलं. पूजेच्या दिवशी आवराआवर करताना त्यानं फटीतून टॉर्च मारली होती. आत तांदूळ दिसले. केरसुणीच्या काडीला चिकटपट्टी लावून त्यानं एकेक करून बाहेर काढले, अर्धा तास लागला. सात दिसले, सात निघाले.

"मग गुरुवारी मशीन बंद," जनू म्हणाला. "साहेबांनी इचारलं, हात घातलास का. काडी तर मीच घातलेली. वाटलं, माज्याच काडीनं काय मोडलं असंल. नाय कसा म्हनू? आनि व्हय म्हनलो असतो तर कशाला घातलीस म्हनून इचारलं असतं. मग तुमचं नाव घ्यावं लागलं असतं."

"अरे, पण मला तरी सांगायचंस, जनूभाऊ."

"तुमाला सांगितलं असतं तर तुमी तसंच उठून साहेबाकडं गेलं असतं." जनूनं हातातलं फडकं पिळलं. "तुमचं सुपरवायझरचं चाललेलं. माजं काय, सहा वर्सं टेंपररी, आनखी दोन वर्सं टेंपररी."

पुंडलिक त्याच्यासमोर खाली बसला. पाच दिवस तो ह्या माणसाला कसं वाचवावं म्हणून झुरत होता, आणि पाच दिवस हा माणूस, दोन मुलींचा बाप, आपल्या नावावर फुली घेऊन, ओठ शिवून त्याला वाचवत होता. तेही स्वतःच्याच हातून मोडलं अशा समजुतीनं. यंत्राला मूठभर वाहिलं आपण, आणि ह्याला? इतक्या वर्षांत ह्याला एकदा आभारी आहे असंही म्हटलं नव्हतं. पुंडलिकच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलं नाही. "उपकार झाले तुझे, जनूभाऊ," तो म्हणाला. "आजचेच नाय. सगळ्या वर्षांचे."

जनूला असल्या बोलण्याची सवय नव्हती. तो अवघडून उठला, स्कोपजवळ गेला आणि वरच्या फटींतून एक डोळा मिटून आत बघायला लागला.

"पन आठवा व्हता कुठं?" तो म्हणाला. "मी समदीकडं टॉर्च मारली व्हती."

हेल्परनं यंत्र उघडायचं नाही, असा कारखान्याचा नियम भिंतीवर लावलेला होता. पुंडलिकनं खणातून आपला स्क्रूड्रायव्हर काढला आणि जनूच्या हातात दिला.

"तूच उघड," तो म्हणाला. "तुला दाखवतो. आणि काय काय आहे ते सगळं दाखवतो."

जनूनं ओला हात पँटला दोनदा पुसला आणि पहिला स्क्रू फिरवला.